ग्लासावर कोरलेलं नाव

मला गप्प बसता येत नाही, हे माझ्या ओळखीतल्या कुणालाही विचारा. बँकेत मी एकतीस वर्षं काढली. काउंटरवर रांग मोडून पुढे घुसणाऱ्याला, तो मॅनेजरचा मेहुणा असला तरी, मी मागे पाठवलेलं आहे. सुरतेतले अर्धे व्यापारी मला 'झगडाळू बेन' म्हणायचे आणि मला ते आवडायचंही. घरी माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की आमचे हे पेपर उचलून गॅलरीत जाऊन बसतात. अशी मी आयुष्यात एकदाच, जिथं खरोखर बोलायला हवं होतं नेमकी तिथंच, मूग गिळून बसले. त्याला आता दोन वर्षं झाली. त्याची किंमत मी मोजली नाही, एका पोरीनं मोजली, म्हणून हे लिहिते आहे.

रिटायर झाल्यावर मी एका ट्रस्टचं काम करायला लागले. कापड मार्केटातल्या काही व्यापाऱ्यांनी मिळून काढलेला छोटासा ट्रस्ट. काम साधं. कॉलेजची फी एक रुपया धरली, तर आठ आणे सरकारी शिष्यवृत्तीतून येतात, चार आणे घरचे कसेबसे उभे करतात आणि उरलेल्या चार आण्यांपाशी घोडं अडतं. ऑफिसात त्याला गुजरातीत 'खूटती फी' म्हणायचे, म्हणजे कमी पडणारी. तेवढी ट्रस्ट थेट कॉलेजात भरतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्या चार आण्यांपायी सीट गेली की आधीचे बारा आणेही कुणाच्या कामाचे राहत नाहीत.

नियम एकच, घर पाहिल्याशिवाय पैसा मंजूर करायचा नाही. दोघांनी मिळून जायचं, फॉर्म भरायचा आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. घर भाड्याचं का मालकीचं, खोल्या किती, कमावणारे किती, फ्रिज आहे का, कूलर आहे का, गाडी आहे का. शेवटी 'शेरा' म्हणून दोन ओळींची रिकामी जागा. माझ्याबरोबर नेहमी ट्रस्टचे एक गुजराती काका असायचे. सत्तरीचे, पांढरा सफारी, मनानं अगदी लोण्यासारखे. पण त्यांचा डोळ्यांवर विश्वास. जे दिसेल ते लिहायचं, बेन, आपण काही जादूगार नाही, असं ते म्हणायचे.

त्या वर्षी लिंबायतच्या कामगार वस्तीतल्या एका मुलीचा अर्ज आला. वडील लूमवर, आई घरी साड्यांचे धागे कापणारी. मुलीला फार्मसीला सीट लागली होती. टोकनचे पैसे भरून तिनं ती धरून ठेवली होती, उरलेली फी भरायला थोडे दिवस होते. अर्जात 'हाच कोर्स का' असा एक रकाना असतो. बाकीची मुलं तिथं देशसेवा वगैरे लिहितात. हिनं लिहिलं होतं, 'आमच्या गल्लीतला मेडिकलवाला खोकला म्हटलं की एकच पट्टी काढून देतो. पप्पा सहा वर्षं तीच गोळी खातात. ती कशाची आहे ते कुणालाच माहीत नाही. मला माहीत करून घ्यायचं आहे.' वाचून मी मनात म्हटलं, शाब्बास गं माझ्या वाघिणी! हिचं काम झालंच पाहिजे.

फोन मीच केला. आई बोलली. मी म्हटलं, "शनिवारी अकरा वाजता ट्रस्टची माणसं घर बघायला येतील."

"किती माणसं?" तिनं विचारलं.

"दोनच."

"मग जेवायलाच या ना, बहिन."

जेवणखाण काही नको, असं म्हणून मी फोन ठेवला. तिथंच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. इतर कुणाच्या नसता पडला तर चाललं असतं, पण माझ्या पडायलाच हवा होता. कारण मी त्याच लिंबायतची. माझे वडीलही साचेच चालवायचे. आम्ही खानदेशी माणसं लूमला साचे म्हणतो. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत मी शिकले आणि घरी अहिराणीशिवाय दुसरी भाषा नव्हती. हे सगळं मी कुणाला सांगत नसे. लग्न होऊन अडाजणला गेले, बँकेत लागले आणि तापीच्या त्या पुलाबरोबर ती गल्लीही मागे टाकली. ट्रस्टमध्ये तर मी नुसती 'बँकवाल्या मॅडम'.

शनिवारी काकांच्या गाडीतून रेल्वेच्या गरनाळ्याखालून, म्हणजे पुलाखालच्या बोगद्यातून, गेलो. आतल्या गल्लीत गाडी जाईना, म्हणून पुढे चालत. दोन्ही बाजूंनी साच्यांचा खडखडाट. बोलायचं तर ओरडूनच. पुढं त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी मुलीचे वडील उभे होते, आम्हाला न्यायला. इस्त्रीचा शर्ट घातलेला, पण भुवयांत पांढरा कापूस तसाच. तिथं खडखडाट मागे पडला होता, तरी ते ओरडूनच बोलत होते. माझे वडीलही असेच बोलायचे. आयुष्यभर साच्यापाशी उभं राहिल्यावर कानांचं दुसरं काय होणार?

घरात पाऊल टाकलं आणि मी पाहतच राहिले. एक खोली, मागे पडद्याआड मोरी. पण त्या एका खोलीत काय काय! लाल रंगाचा, वर फुलं काढलेला फ्रिज. दोन माणसांचा सोफा. कोपऱ्यात कूलर. भिंतीला सोनेरी काठाचं घड्याळ. पलंगावर कोरी करकरीत चादर, घड्यांच्या रेघासुद्धा मोडलेल्या नव्हत्या.

"या ना बहिन, आठे बठा," आई म्हणाली. जरीची साडी, केसांत गजरा. "बसा, काकाजी."

काकांनी फॉर्म काढला आणि खुणा करायला सुरुवात केली. फ्रिज, हो. कूलर, हो. सोफा, हो.

मग मुलगी आली. साडी नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, हातात पोह्यांचा ट्रे. खाली मान. आईनं डोळ्यांनी खूण केली तशी ती आमच्यासमोर वाकली. काका गोंधळले, त्यांनी घाईघाईनं आशीर्वाद दिला. "बेटा, शुं भणवुं छे?" त्यांनी विचारलं. पोरीनं पायाच्या अंगठ्याकडे पाहत हळू आवाजात म्हटलं, "फार्मसी." बस. गोळीबद्दल तसं लिहिणारी वाघीण कुठं गेली, कोण जाणे.

अहो, हा तर मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम होता! आमच्या गल्ल्यांत पाहुणे मुलगी बघायला येणार असले की सगळी गल्ली त्या घराची होते. कुणाचा फ्रिज चार जण उचलून आणतात, कुणाच्या खुर्च्या, कुणाचा पंखा, कुणाचे कप. मागायलाही लागत नाही, लोक आपणहून आणून ठेवतात. पाहुण्यापुढं घर उघडं पडता कामा नये. आणि घरातलं जे दिसायला नको ते शेजारी जातं. ह्या बाईनं साड्यांचे गठ्ठे, धागे कापायच्या कात्र्या, सगळं उचलून दुसरीकडं पाठवलं होतं. म्हणजे ज्या गोष्टी बघून आम्ही फी दिली असती, नेमक्या त्याच लपवल्या, आणि ज्या बघून नाकारणार त्या मांडून ठेवल्या. कप्पाळ!

पण हे सगळं मला लगेच कळलं का? खरं सांगायचं तर मला ते मुलीनं पाणी आणलं तेव्हा कळलं. स्टीलचे ग्लास होते. आपल्याकडं भांड्यावर नाव घालून घ्यायची पद्धत, अगदी चमच्यावरसुद्धा. माझ्या हातातला ग्लास मी सवयीनं फिरवला. कडेखाली बारीक टिंबांनी नाव कोरलेलं होतं. आडनाव ह्या घरचं नव्हतं. काकांच्या ग्लासाकडं पाहिलं, त्यावर तिसरंच नाव. मग मी फ्रिजकडं पाहिलं. त्याची वायर मागे तशीच गुंडाळलेली, खोलीतल्या एकुलत्या एका प्लगला पंखा लावलेला. आईच्या जरीच्या पदराला हिरव्या आणि गुलाबी धाग्यांचे तुकडे चिकटले होते. अंगठ्यावर कात्रीचा घट्टा होता.

काकांनी सहज विचारलं, "फ्रिज तमारुं ज छे ने?"

"हो ना, आमनाच शे," आई म्हणाली आणि हसली. लेकीच्या कल्याणासाठी बोललेलं ते खोटं इतकं सरळ होतं, की त्याला खोटं तरी कसं म्हणू? पाहुण्यानं विचारलं तर असंच सांगायचं असतं. माझ्या आईनंही असंच सांगितलं होतं.

आता खरी गोष्ट सांगते, जी मी ह्यांनासुद्धा नीट सांगितलेली नव्हती. मला बघायला आले तेव्हा आमच्या घरात शेजारणीचं शोकेस आणून ठेवलं होतं. काचेचं, आत बाहुल्या. लग्न ठरलं. आठ दिवसांनी माझे सासरे काही कामानं न सांगता आले, तर शोकेस गायब. भिंतीवर नुसती धूळ. त्या एका शोकेसनं माझ्या सासूबाईंना जन्मभर पुरेल इतकं खाद्य दिलं. भाजीत मीठ कमी पडलं, तरी "काय गं, माहेरच्या शोकेससारखंच का सगळं तुझं?" मी बँकेत जगाशी भांडायचे ना, ते उगाच नाही. घरी ह्या एका वाक्यापुढं माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

त्या दिवशीही तशीच चिकटली. एवढंच म्हणायचं होतं, "काका, ह्या वस्तू उसन्या आहेत, आमच्याकडं अशी रीत आहे." आमच्याकडं! हा एक शब्द तोंडातून निघेना. काका विचारणार, तुम्हाला कसं ठाऊक, मॅडम? आणि मग ते शोकेस बाहेर काढावं लागलं असतं, सत्तरीतल्या त्या व्यापाऱ्यापुढं. मी मनाची समजूत घातली, की त्या माउलीचं झाकलेलं तिच्या तोंडावर उघडं कशाला पाडायचं, बाहेर गेल्यावर सांगू. ही समजूत निम्मी खरी होती, म्हणूनच तर ती मला पटली.

बाहेर गाडीत बसलो. काकांनी फॉर्म माझ्या मांडीवर ठेवला. "बेन, घर सारुं छे," ते म्हणाले. "आपले पैसे दुसऱ्या कुणाच्या कामी येतील." त्यांची सही झालेली होती. शेऱ्याची जागा रिकामी. दोन ओळी, मला लिहायला दोन मिनिटं लागली असती. पुढं कतारगामला अजून एक घर बघायचं होतं, काकांना डायबिटिस, जेवायची वेळ टळत होती. मी सही केली. शेऱ्यात काही लिहिलं नाही. मीटिंगमध्ये तोंडी सांगेन, असं ठरवलं.

मीटिंगमध्ये त्या मुलीचं नाव वाचलं गेलं. अध्यक्ष म्हणाले, "फ्रिज, कूलर, सोफा. नाही." पुढचं नाव. टेबलाभोवती नऊ माणसं होती. मी पाण्याचा घोट घेतला. बस, एवढंच केलं मी. त्या मुलीचं नशीब तेवढ्या एका घोटात गेलं आणि मी समोसा खाऊन घरी आले.

दोन दिवस मी घरात सगळ्यांवर डाफरत होते. कामवालीला बोलले, ह्यांना बोलले, भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून वाद घातला. तिसऱ्या दिवशी ह्यांनी पेपर बाजूला ठेवून विचारलं, "काय झालंय तुला?" आणि मी रडायलाच लागले. सगळं सांगितलं, शोकेससुद्धा. हे म्हणाले, "अगं, त्या शोकेसचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याच्या काचेच्या कोपऱ्यात तुमचं नाही, दुसरंच आडनाव रंगवलेलं होतं." मग म्हणाले, "तू आत्ता उठ आणि जा."

ट्रस्टमध्ये फोन केला. काका हळहळले, खरंच हळहळले, पण यादी बंद झाली होती, चेक निघाले होते. "मला तेव्हाच बोलायचं ना, बेन," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. नवल वाटत होतं त्यांना, झगडाळू बेन गप्प कशी बसली म्हणून. मी बँकेत गेले, माझ्या खात्यातून खूटत्या फीइतके पैसे काढले, पाकिटात घातले आणि रिक्षानं लिंबायत गाठलं. फीची शेवटची तारीख शुक्रवारची, आज गुरुवार. अजून एक दिवस हातात आहे, असं मी रिक्षात स्वतःला दहादा सांगितलं.

दार उघडंच होतं. फ्रिज नव्हता, सोफा नव्हता, कूलर नव्हता. घड्याळाच्या जागी खिळा. अख्खी खोली साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेली आणि त्यांच्या मधोमध आई बसलेली, कात्री हातात. मला पाहून ती इतकी गडबडली, की साड्या ढकलून मला बसायला जागा करायला लागली. वडील रात्रपाळी करून आले होते, भिंतीशी आडवे होते, ते उठून बसले.

मी काही बोलायच्या आत आईनंच विचारलं. "बहिन, एक गोष्ट सांगा. आमना घरमा काय कमी पडनं?"

मला आधी समजलंच नाही. मग ती बोटांवर मोजायला लागली. सोफा जुना होता म्हणून का? मोठा सोफा मागच्या गल्लीत होता, पण तो दारातून जात नव्हता. का पोह्यांत काही चुकलं? टीव्ही आणायला हवा होता का? ट्रस्टचा नकाराचा मेसेज आला तेव्हापासून ती हाच हिशोब करत बसली होती. त्यांना वाटत होतं, त्यांचं घर आम्हाला पसंत पडलं नाही.

मी जमिनीवर बसले. तीस वर्षांनी अहिराणीत बोलले, अडखळत, आणि सगळं सांगितलं. की काही कमी नव्हतं, जास्त होतं. की रिकामं घर दाखवलं असतं तर फी मिळाली असती. तिनं ऐकून घेतलं. मग हातातली कात्री खाली ठेवली आणि कपाळावर हात मारून घेतला, एकदा, दोनदा. "म्हणजे मीच?" ती म्हणाली. "मीच घालवलं का पोरीचं?" मी तिचा हात धरला. नाही गं बाई, तू नाही, मी म्हणत राहिले, पण मग कोण, ते काही मला म्हणता येईना. मी पाकीट पुढं केलं.

वडिलांनी पाकिटाकडं पाहिलं. ओरडून बोलण्याची सवय असलेला तो माणूस पहिल्यांदाच हळू बोलला. "काल सीट रद्द करून आलो, मॅडम. शेवटच्या तारखेच्या आत रद्द केलं तरच टोकनचे पैसे परत मिळतात. व्याजानं आणलेले होते." मग पाकीट माझ्याकडं सरकवून म्हणाले, "पोरीच्या फीचे म्हणून घेतले असते. आता काय म्हणून घेऊ?"

मी म्हटलं, पुढच्या वर्षी. पुन्हा अर्ज करू, मी स्वतः लिहीन, मी स्वतः भांडेन. आई नुसती मान हलवत राहिली. नंदुरबारकडचं एक स्थळ सांगून आलंय, असं ती म्हणाली, दिवाळीनंतर बघायला येतील. सध्या मुलगी मार्केटात एका दुकानात साड्या पॅक करायला जायला लागली होती. आज ती दुपारनंतर जाणार होती.

ती मागे मोरीपाशी होती. सगळं ऐकत असणार, एवढ्याशा खोलीत ऐकू येत नाही असं काही नसतंच. ती पाणी घेऊन आली. आज अंगावर साधा ड्रेस होता, पदर नव्हता, मान वर होती. ग्लास जुना, कडेला पोचा आलेला. मी तो फिरवला नाही, माझी हिंमत झाली नाही.

"बघा ना," ती म्हणाली. "आज आमचाच आहे."

मी तिच्याकडं पाहिलं.

"त्या दिवशी तुम्ही ग्लास फिरवून नाव वाचलं होतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर मला सोसलं असतं. "मग फ्रिजच्या वायरकडं पाहिलं. मी पडद्यामागून बघत होते. तोपर्यंत मला खूप भीती वाटत होती, मी मम्मीला असं उसनं नको म्हणत होते ना. पण तुम्ही नाव वाचलं आणि माझी भीतीच गेली. मला वाटलं, बरं झालं, ह्या आपल्यातल्याच आहेत. ह्या सांगतील."

आई खाली बघत साडीचे धागे कापायला लागली होती. मी ग्लास उचलला आणि पाणी प्यायले, सगळं.